फुप्फुसाभोवतीचे दुधाळ पाणी

वणी-राजूरकडे कोणाला दम लागू लागला, की घरात पहिले नाव निघते कोळशाच्या धुळीचे. एक्स-रेमध्ये फुप्फुसाभोवती पाणी दिसले, की दुसरे नाव टीबीचे. हा दुसरा अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. पण सुईने काढलेले पाणी दुधासारखे पांढरे निघाले, तर आजार वेगळाही असू शकतो. त्याला कायलोथोरॅक्स म्हणतात.

आपण खाल्लेल्या तेला-तुपाचा बहुतेक भाग आतड्यातून थेट रक्तात जात नाही. तो लसिकावाहिन्यांतून छातीतल्या एका मोठ्या नळीत येतो आणि डाव्या बाजूला मानेच्या तळाशी रक्तात मिसळतो. ही नळी फाटली किंवा दाबली गेली, की तो दुधाळ रस फुप्फुसाभोवती साचतो. छातीचे ऑपरेशन, अपघाताचा मार, लसिकाग्रंथींचा कॅन्सर म्हणजे लिम्फोमा ही मुख्य कारणे. टीबीच्या गाठींनीही नळी दबते. क्वचित हत्तीरोगामुळेही असे होते, आणि आपल्या विदर्भात तो अजून आहे. म्हणून जुन्या ऑपरेशनचे, अपघाताचे कागद सोबत न्या.

नुसत्या रंगावर विसंबू नये. पूही पांढरा दिसतो. मात्र लॅबच्या यंत्रात नमुना फिरवला की पू खाली बसतो, हा रस दुधाळच राहतो. खरा निकाल ट्रायग्लिसराइडचा. 110 मिलिग्रॅमच्या वर असेल तर निदान जवळजवळ पक्के. 50 च्या खाली असेल तर शक्यता कमी. मधल्या आकड्याला कायलोमायक्रॉनची तपासणी लागते. मग नळी कुठे फुटली, गाठ आहे का, हे पाहायला सीटी स्कॅन. त्यासाठी यवतमाळ किंवा नागपूर गाठावे लागले तरी टाळू नका.

रमजानमध्ये एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा: रुग्ण रोज्याने आहे का, शेवटचे कधी आणि काय खाल्ले. उपाशीपोटी हा रस पांढरा न दिसता पिवळसर दिसतो, ट्रायग्लिसराइडही कमी येऊ शकते, आणि आजार हातातून निसटतो. आजाऱ्याला रोजा पुढे ठेवण्याची सवलत सूरह बकरात आहेच.

आणि अशक्तपणा आला म्हणून अम्मी-खाला प्रेमाने पाया, नहारी, तुपाचा शिरा पाजतात-भरवतात, ते इथे उलटे पडते. जितकी चरबी पोटात, तितका रस जास्त गळतो. या रसाबरोबर प्रथिने आणि रोगाशी लढणाऱ्या पेशीही वाहून जातात. तेव्हा बिनतुपाची डाळ, अंड्याचा पांढरा भाग, साय काढलेले दूध चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.