समुद्रावरचा वारा मोजला, वाडीतला कोण मोजणार?

3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. इशारा आधी मिळाला होता, माणसे हलवली गेली. 1999 च्या ओडिशातल्या महावादळात सुमारे दहा हजार जीव गेले होते. 2013 मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आले तेव्हा बळी शंभराच्या आत राहिले. सरकारी कामाची स्तुती आम्ही सहसा करीत नाही, ही केली.

ढगाखालचा वारा आकाशातून दिसतो कसा? वारा दिसतच नाही. त्याने पाण्यावर उठवलेली बारीक लहर मोजतात. उपग्रह दोनेक सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी तिरप्या खाली सोडतो. पाणी शांत असेल तर आरशावरून जावे तशा त्या पलीकडे निघून जातात. वाऱ्याने पाणी खरखरीत झाले की थोड्या माघारी येतात. वारा जास्त तितक्या जास्त. एकच जागा दोन-तीन बाजूंनी पाहिली की दिशाही कळते. रात्र असो, ढग असोत, अडत नाही. 2009 चा ओशनसॅट-2, 2016 चा स्कॅटसॅट-1, 2022 चा ओशनसॅट-3, तिन्ही आपल्याच देशाचे.

मुसळधार पावसात मात्र ही मोजणी बिघडते. किनाऱ्यालगत जमिनीवरून परतलेल्या लहरी मिसळतात, तिथलाही आकडा भरवशाचा राहत नाही. आणि जमिनीवर तर हे यंत्र वारा मोजूच शकत नाही. म्हणजे शेतकऱ्याचा बांध सुरू होतो तिथे उपग्रहाची नजर संपते.

माणूस हलतो, वाडी हलत नाही. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडची नारळ-सुपारी एका दिवसात आडवी झाली. सुपारी पुन्हा धरायला पाच-सात वर्षे लागतात.

आंब्याच्या हवामानावर आधारित विम्यात जोराचा वारा हा धोका धरलेला आहे. तो मोजायचा महसूल मंडळाच्या केंद्रावर. कोकणात एका खिंडीत झाडे मोडतात आणि डोंगराआड पान हलत नाही. केंद्रावरचा वारा मर्यादेखाली राहिला, की तुमच्या बागेत वादळ झालेच नाही! हप्ता घेताना तुमचा सातबारा पाहतात, भरपाई देताना मंडळाचे यंत्र.

वारा मोजणारे यंत्र गावागावात बसवा, त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. यंत्र नसेल तिथे पडलेले झाड हाच पुरावा धरा, असे आमचे मागणे आहे. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या मंडळातले केंद्र कुठे आहे, त्याच्या वाऱ्याच्या तोंडावर भिंत, झाड काय उभे आहे, ते पाहून, लिहून आणावे.