अधिकारी घडतो कोठें?

लोकसेवेंतील नेतृत्व शिकवून येतें काय, हा प्रश्न जुना आहे. त्याचें उत्तर मात्र अलीकडे फार स्वस्त झालें आहे. २०२० सालीं केंद्र सरकारनें ‘मिशन कर्मयोगी’ ही योजना मंजूर केली. तेव्हांपासून सरकारी नोकर संगणकावर पाठ वाचून प्रमाणपत्रें मिळवूं लागले आहेत. या उद्योगाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. कायदा, हिशेब, यंत्रांचा वापर हीं पाठांनीं येतात व तीं आलींच पाहिजेत. परंतु निर्णय अंगावर घेण्याचें धैर्य आणि गाऱ्हाणें ऐकण्याची सहनशीलता हींही प्रमाणपत्राबरोबर येतात असें ज्यांस वाटतें, त्यांनीं एकदां आषाढी वारीच्या दिवसांत माळशिरस तालुक्यांत यावें.

ज्ञानोबारायांची पालखी नातेपुतें, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत जाते. तुकोबारायांची अकलूजला उतरते. लाखों वारकऱ्यांचें पाणी, औषध, स्वच्छता हें सारें तहसील कचेरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्वांना मिळून पाहावें लागतें. एकादशी कोणाच्या सहीसाठीं खोळंबत नाहीं. आणि ज्ञानोबांच्या तळावरील समाजआरती तर अवश्य पाहावी. चोपदारानें चोप उंचावतांच सारा तळ निःशब्द होतो. ज्या दिंडीचें कांहीं गाऱ्हाणें असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातो आणि तक्रार ऐकून घेतो. ज्याची तक्रार, त्याच्याकडे अधिकार चालत जातो! आमच्या कचेऱ्यांत मात्र तक्रारदारच एका टेबलाकडून दुसऱ्याकडे चालत असतो.

कोणी म्हणेल, वारी वर्षांतून एकदां, कारभार बारमाही. हें खरें, पण त्यांतच आमचें उत्तर आहे. त्याच कचेऱ्या, तींच माणसें. मग आषाढांत जें साधतें तें पौषांत कां साधूं नये? वारींत मुदत ठरलेली असते, काम कोणाचें तें ठरलेलें असतें, आणि चुकल्यास लोक पाहत असतात. एरव्हीं उणीव ज्ञानाची नसते. या तीन गोष्टींची असते. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानें साधारणतः तीन वर्षांची नेमणूक आणि एका टेबलावर फाईलीस फार तर सात कामाचे दिवस, असे दंडक घातलेले आहेत. ते न पाळतां शिबिरें भरविणें म्हणजे विहिरीस पाणी लागण्यापूर्वींच मोट सजविणें होय.

नामदार गोखल्यांनीं १९०५ सालीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां नव्या सभासदास पांच वर्षांची उमेदवारी लावली. तींत अभ्यास होता, तसाच देशांत हिंडून लोक पाहणेंही होतें. आज आठवड्याच्या वर्गांत तेंच फळ मागणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

दोष आमच्याही पदरीं आहे. आम्ही प्राध्यापकांनीं स्पर्धापरीक्षेचीं टिपणें भरभरून दिलीं. गांवच्या चावडीवर एक दिवस बसून ये, असें किती विद्यार्थ्यांस सांगितलें?

तरुण अधिकाऱ्यास तालुक्यांत पुरीं तीन वर्षें राहूं द्यावें, निर्णय घेऊं द्यावा. कामचुकारपणा केल्यास जाब विचारावा, प्रामाणिक चूक झाल्यास त्याच्या पाठीशीं उभें राहावें. रोज बुडवून कचेरींत आलेली बाई त्याच दिवशीं काम उरकून घरीं परतली, तर त्याहून मोठें प्रमाणपत्र आम्हांस ठाऊक नाहीं.