व्यायामास सोबत

व्यायाम करावा हें कोणास ठाऊक नाहीं असें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं कोणी ना कोणी गुढीपाडव्याचा मुहूर्त साधून, किंवा रक्तांतील साखर वाढल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें म्हणून, पहांटे फिरावयास जाऊं लागतें. नवे बूट येतात, आठ दिवस घरांत दुसरा विषय नसतो, आणि पंधराव्या दिवशीं ते बूट माळ्यावर जातात. याचा दोष लोक निश्चयास देतात. आमच्या मतें पुष्कळदां उणीव असते ती सोबतीची.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांचें उदाहरण या बाबतींत पाहण्यासारखें आहे. सूर्यनमस्कार म्हटले कीं त्यांचें नांव निघतें. परंतु आरंभीं ते युजेन सँडो या प्रसिद्ध मल्लाच्या पद्धतीनें व्यायाम करीत असत. नमस्कारांकडे ते वळले ते १९०८ च्या सुमारास, वयाच्या चाळिशींत, आणि तेही आपले स्नेही मिरजेचे संस्थानिक यांच्या सांगण्यावरून. पुढें १९२८ सालीं त्यांनीं या विषयावर पुस्तक लिहिलें, १९३८ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें निघालें, औंधच्या शाळांतून मुलें नमस्कार घालूं लागलीं. या साऱ्याच्या मुळाशीं एका मित्राचा शब्द आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. राजेसाहेबांनीं हा नेम एकट्यापुरता ठेविला नाहीं. राणीसाहेब व मुलें यांसही त्यांनीं त्यांत ओढलें.

आतां कोणी म्हणेल, एकत्र कुटुंबांत माणसांस काय तोटा? घरचेच सांगतील. सांगतात खरे, पण घरच्या सांगण्यास लवकरच बोलणी खाण्याची कळा येते. "आज गेलां नाहींत वाटतें?" हें पत्नीचें वाक्य कितीही मायेचें असलें तरी तिसऱ्या दिवशीं तें टोचूं लागतें, आणि मुलानें बापास व्यायाम शिकविणें तर बापास मुळींच रुचत नाहीं. मित्र उपदेश करीत नाहीं. तो फक्त नाक्यावर उभा राहतो. तो थंडींत उभा असेल, एवढ्या एका विचारानें पांघरूण दूर होतें.

येथें छावणींत असे दोन गृहस्थ आमच्या नित्य पाहण्यांत आहेत. एक पोस्टांतून निवृत्त झालेले, दुसरे दुकानदार. नगर नाक्यापाशीं भेटावें, खाम नदीच्या पुलापर्यंत जावें व परत यावें, असा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ. मागील वर्षीं दुकानदारांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पोस्टमास्तर तीन दिवस एकटे गेले, चौथ्या दिवशीं घरींच राहिले, आणि महिन्याभरांत त्यांचा रक्तदाब पुन्हां वर चढला. जोडीच्या नेमांत हा धोका असतोच. एक बसला कीं दुसराही बसतो. शेवटीं पोस्टमास्तर मित्राच्या घरीं जाऊं लागले. पहिल्या दिवशीं ओसरीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत दोघे चालले, तेवढेंच. आठवड्यानें फाटकापर्यंत. आतां दोघेही पुलापर्यंत पोहोंचतात, मात्र वेळ दुप्पट लागतो, आणि त्याची तक्रार दोघांपैकीं कोणीच करीत नाहीं.

सोबती तोलाचा मात्र असावा. तरुण पुतण्यामागें धांवणारे काका आठ दिवसांत अंथरुण धरतात. सुश्रुतानें आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम सांगितला आहे, आणि श्वास तोंडावाटें येऊं लागला कीं ती मर्यादा आली असें समजावें, अशी खूणही दिली आहे. बरोबर बोलका मित्र असला तर ही खूण आपोआप सांपडते. चालतांना वाक्य अर्ध्यावर तुटूं लागलें कीं पाऊल आवरावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास, म्हणजे दोन जुन्या मित्रांच्या गप्पांस जेमतेम पुरेल इतकाच वेळ.

हा अर्धा तास पुरुषांस मागावा लागत नाहीं. घरच्या सुनेस मात्र तो मिळतच नाहीं. तिला व्यायाम नको असतो असें नव्हे, पण पहांटे दूध, डबे, मुलांची शाळा. आणि एकटी बाहेर पडली तर चार प्रश्न. आमच्या आळींतील एका आजीबाईंनीं यावर तोड काढली. शेजारच्या घरची सून व आपली सून यांची त्यांनीं स्वतःच गांठ घालून दिली, सहाचा ठोका पडला कीं दोघींनीं निघावें असें ठरवून टाकलें, आणि दूध तापविण्याचें काम आजोबांकडे सोंपविलें. पहिल्या आठवड्यांत तें दोनदां उतूं गेलें. हल्लीं जात नाहीं. चहा तेवढा त्या घरीं अर्धा तास उशिरा होतो.