वाटणीत चौक गेला, आणि घरातला उजेडही

गेल्या आठवड्यात इथं कुणीतरी आपल्या जुन्या वाड्याच्या चौकाचा फोटो टाकला होता. खाली सगळ्यांनी "गेले ते दिवस" लिहिलं. मीही लिहिलं. पण मनात म्हटलं, दिवस आपोआप गेले नाहीत, आमच्या घरातला चौक तर आम्हीच बुजवला. त्याबद्दल आज थोडं सविस्तर लिहितो. ज्यांच्या घरी आता वाटणी किंवा बांधकाम निघालंय, त्यांनी तरी वाचावं.

आमचं घर बेळगावात, शहापूरला. शहापूर म्हणजे पूर्वी सांगली संस्थानातलं, हे जुन्या लोकांना ठाऊक आहेच. घर गल्लीवर 30 फूट रुंद आणि आत 60 फूट खोल. पुढं कट्टा, मग सोपा, माजघर, मधे चौक, त्यामागं स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडं. परड्यात आड. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, म्हणजे खिडकी फक्त पुढं आणि मागं. तरीही दिवसा घरात कधी दिवा लावावा लागला नाही. सगळा उजेड चौकातून यायचा. पावसाळ्यात चारी बाजूंच्या कौलांवरचं पाणी चौकात पडायचं आणि मोरीतून गटारीला जायचं. आई पापड, सांडगे तिथंच वाळवायची.

1991 साली वडील आणि काका यांची वाटणी झाली. भांडण नव्हतं. दोघांनी सुतळी धरून घर मधोमध उभं कापलं, 15 फूट तुमचे, 15 फूट आमचे. अगदी न्यायानं. चौकाच्या बरोबर मधून भिंत गेली. उरलेल्या अर्ध्या पट्टीवर दोन्हीकडं पत्रा पडला, कारण "एवढ्याशा उघड्या जागेचं करायचं काय?"

2009 साली मी आमची बाजू पाडून स्लॅबचं घर बांधलं. नकाशा कुठून तरी तयार मिळालेला होता, 15 बाय 60 चा. त्यात बाजूच्या भिंतीला छान तीन खिडक्या. तेव्हा काकांचं घर कौलारू आणि बसकं होतं, म्हणून वरच्या मजल्यावर त्या खिडक्या काढल्याही. तळमजल्यावर मधल्या दोन खोल्यांना खिडकीच नाही. त्यातली एक आईची. पाच वर्षांनी चुलतभावानं त्याचं घर दोन मजले चढवलं आणि माझ्या वरच्या खिडक्यांसमोर भिंत आली. मला राग आला, पण कायदा त्याच्या बाजूनं होता. 1882 च्या ईझमेंट ॲक्टप्रमाणं उजेडाचा हक्क लागायला वीस वर्षं अखंड वहिवाट लागते. माझी पाचच झालेली. आणि खरं म्हणजे दुसऱ्याच्या आभाळावर खिडकी काढणारा मीच.

आईच्या खोलीत सकाळी दहा वाजता ट्यूबलाइट. शेवटची चार वर्षं ती खुर्ची घेऊन पुढच्या कट्ट्यावर बसायची. पोथी तिथं, भाजी निवडणं तिथं, दुपारची पेंगसुद्धा तिथंच. येणारे-जाणारे म्हणायचे, "मावशींना गल्ली आवडते." मी पण तेच समजत होतो. एकदा पाऊस आला म्हणून आत चल म्हटलं, तर म्हणाली, "आत काय बघू, बाळा? भिंत?" त्यावर मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. अरुंद जागेत घर बसवताना पहिला प्रश्न खोल्या किती हा नसतो, उजेड कुठून येणार हा असतो. हिशेब साधा आहे. सात फूट उंचीच्या खिडकीतून कामाचा उजेड साधारण पंधरा फूट आत येतो. पुढून पंधरा, मागून पंधरा. साठ फुटांच्या घरात मधले तीस फूट अंधारात. तिथं वरून उजेड आणण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

लोक म्हणतात, "शहापुरात आजच्या भावानं दहा बाय दहाचा चौक सोडायचा? शंभर फूट फुकट?" मीही हेच म्हटलं होतं. मग आता माझा पॅसेज मोजा. तीन फूट रुंद, बत्तीस फूट लांब, म्हणजे शहाण्णव चौरस फूट. दिवसा दिवा लावून चालायची वाट, तिचा दुसरा काही उपयोग नाही. तेवढ्याच जागेत चौक झाला असता आणि चौकातूनच वाट गेली असती. जुन्या घरांत पॅसेज का नव्हते, ते मला बांधून झाल्यावर कळलं.

पावसाची भीतीही घालतात. आपल्याकडं जूनपासून झोड उठते, हे खरं. पण चौक उघडाच ठेवला पाहिजे असं नाही. वर ग्रिल घालायचं, त्यावर दीड-दोन फूट उचलून पारदर्शक पत्रा भिंतीबाहेर आलेला, आणि मधल्या फटीला जाळी. उजेड येतो, गरम हवा निघून जाते, चोराचीही काळजी नाही.

जिना त्याच चौकाच्या भिंतीला सरळ लावा. दहा फूट उंचीला सात इंचाच्या सतरा पायऱ्या लागतात, दहा इंचाची पावठणी धरली तर लांबी साडेतेरा फुटांच्या आत. तीन फूट रुंदीनं चाळीस चौरस फुटांत काम होतं. वळणाच्या जिन्याला साठच्या वर जातात. पुढं कार आत घ्यायचा हट्टही सोडा. पंधरातून दोन भिंती वजा केल्या की साडेतेरा फूट उरतात. कार आणि तिचं दार उघडायची जागा गेली की सोपा संपला, मग माणसं बसणार कुठं?

आणि वाटणी करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, प्रत्येक घर उभं कापता येत नाही. 24 फूट घर तीन भावांत म्हणजे आठ-आठ फूट. भिंती जाऊन साडेसहा. राहायच्या खोलीची रुंदी कमीत कमी 2.4 मीटर, म्हणजे आठ फूट हवी, असं नॅशनल बिल्डिंग कोडच सांगतो. अशा वेळी एकत्र बांधा आणि मजले वाटून घ्या. भाऊ वर-खाली राहिले म्हणून कमीपणा येत नाही. फक्त जिना, टाकी, गच्ची कुणाची, हे आधी कागदावर रजिस्टर करा. तोंडी बोलणं आपल्या पिढीपुरतं टिकतं, पुढच्या नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे चुलतभावाचा मुलगा. त्यांची बाजू आता नव्यानं बांधायची ठरलीय. परवा नकाशा घेऊन आला. बघतो तर मधल्या तीस फुटांत दोन बंद खोल्या, एक आजीची म्हणून लिहिलेली. माझ्याच चुकीची नक्कल. मी त्याला आमच्या मधल्या खोलीत नेलं, ट्यूब बंद केली आणि म्हटलं, आता पेपर वाच.

थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "काका, मी चौक सोडतो की. पण तुम्ही पण तुमच्या बाजूचा स्लॅब तेवढा कापा. दोन्ही चौक एकमेकांना लागून आले तर दोन्हीकडं डबल उजेड पडेल."

इंजिनिअरला बोलावलंय. कॉलम-बीम बघून कुठं आणि किती कापता येईल ते तो सांगेल. खर्च आहे, आणि घरात धूळ होणार म्हणून बायको नाराज आहे. मधली भिंत राहणारच, वाटणी ती वाटणी. पण भिंतीच्या वरच्या भागात जाळी ठेवायची आणि चौकावर कुणीही पुढं स्लॅब घालायचा नाही, असा करार दोघांच्या सहीनं रजिस्टर करायचा आमचा विचार आहे. आईला त्याचा उपयोग नाही. तिची सून आता साठीला आली, तिला होईल.

बडोद्याच्या, इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी आपापल्या घरी वाटणीत चौकाचं काय केलं, ते जरूर लिहा. जुन्या घराचे फोटो टाकाच, पण आताच्या घराच्या मधल्या खोलीचा, दिवा न लावता काढलेला फोटोही टाका.