किती तास उरलेत, बॉस?

सेकंडहँड बाइक घेताना आपण काय बघतो? मीटर, टायर आणि मालकाचा चेहरा. सेकंडहँड हेलिकॉप्टर घेताना काय बघायचं, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नसता. पण सध्या सॅन होजेत असलेल्या माझ्या कॉलेजच्या मित्राला तो पडलाय. पठ्ठ्याने हौस म्हणून लायसन्स काढलं, आता त्याला स्वतःचंच हवंय. त्यासाठी घराच्या डाउन पेमेंटचे पैसे मोडायचीही तयारी आहे.

नजर आहे रॉबिन्सन आर-२२ वर. दोन सीट, पिस्टन इंजिन, १९७९ साली अमेरिकेत सर्टिफाय झालेलं मॉडेल. फ्लाइंग स्कूल्सचं लाडकं, त्यामुळे जुनी मशिन्सही बाजारात दिसतात.

पण इथे मीटरचा फंडाच उलटा आहे. बाइक किती पळाली ते आपण बघतो. इथे किती उरलंय ते बघायचं. कंपनीचा नियम आहे, २,२०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल तेव्हा पूर्ण ओव्हरहॉल. म्हणजे 'फक्त १,९०० तास, चकाचक रंग' अशी जाहिरात असेल, तर तुम्ही ३०० तास विकत घेताय. वर्षाला १०० तास उडवलंत तर तीन वर्षं. त्याआधी बारा वर्षं भरली, तर तेवढीही नाहीत. मग ओव्हरहॉलचं जे बिल येतं, ते कित्येकदा मूळ सौद्यापेक्षा मोठं असतं. स्वस्त मशीन स्वस्त का, कळलं?

म्हणून रंग नाही, लॉगबुक वाचायचं. विकणाऱ्याचा नाही, आपला मेकॅनिक न्यायचा. इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासायचं, ब्लेडचा पत्रा टोकाशी सुटतोय का बघायचं. अपघातानंतर आग लागू नये म्हणून कंपनीने पुढे आतून लवचिक पिशवी असलेल्या इंधनटाक्या आणल्या. जुन्या मशीनमध्ये त्या बसवल्यात का, हे विचारायचंच. आणि वजन! एका सीटला सीटखालच्या सामानासकट १०९ किलोची मर्यादा. मिसळप्रेमींनी नोंद घ्यावी.

आता जरा सिरियस. आर-२२ चा रोटर हलका आहे. हवेत इंजिन बंद पडलं, तर डाव्या हातातला लिव्हर सेकंदभरात खाली जायला हवा. उशीर झाला की पंख्याचा वेग पडतो आणि एका मर्यादेनंतर तो परत मिळतच नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफएएने १९९५ पासून आर-२२ आणि आर-४४ साठी वेगळं खास प्रशिक्षण सक्तीचं केलंय. हा सेकंद सरावाने मिळतो. महिन्यातून एका रविवारी उडणाऱ्याचा हात गंजतो, मशीन कितीही फिट असो.

"अगं, स्वप्न आहे माझं ते," मित्र म्हणाला.

"असू दे ना. शेजारच्या सीटवर कोण बसणार?"

"बायको."

"मग आधी इन्स्ट्रक्टरबरोबर भाड्याच्या मशीनवर वर्षभर उड. तरीही हौस उरली, तर चारजण मिळून घ्या. खर्च वाटला जाईल."

तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी जाहिरात आली नाही. मेसेज आला, 'इन्स्ट्रक्टरचे दहा तास बुक केलेत.'

मशीनचे उरलेले तास मोजा, मंडळी. पण आपले जमलेले तास आधी.