आपल्या दारावर जपानी पाटी



काही दिवसांपूर्वी अश्दोदहून माझ्या भाचीचा फोन आला. तिच्या सासऱ्यांच्या आजोबांची कबर रायगड जिल्ह्यातील एका गावी आहे व मुलांना घेऊन तेथे एकदा जाऊन यावे, असे तिच्या मनात आहे. दफनभूमीच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, गावात कोणास भेटावे, ही सर्व माहिती एका लहानशा संस्थेच्या संकेतस्थळावर आहे, हे तिला ठाऊक होते. तिने गूगलवर संस्थेचे नाव घातले. नाव आले, परंतु त्याखाली ना मराठी, ना इंग्रजी, तर ओळींमागून ओळी जपानी अक्षरे! घड्याळांची व हातपिशव्यांची चित्रे आणि येन या चलनातील किमती! ती काकुळतीने म्हणाली, "मावशी, आपल्या माणसांची जागा जपान्यांनी विकत घेतली की काय?"

जागा कोणीही विकत घेतली नव्हती. मात्र जे घडले होते, ते आपल्या लहान संस्थांच्या प्रत्येक विश्वस्ताने समजून घ्यावे असे आहे; म्हणून यावेळचे हे सदर त्या विषयास देत आहे.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, असे आम्हां शिक्षकांना प्रशिक्षणातच शिकविलेले असते. तेव्हा आधी ग्रंथालय डोळ्यांसमोर आणू. नवे पुस्तक आले की ग्रंथपाल ते चाळतो, विषयाची नोंद करतो आणि वाचकाने मागणी करताच कोणते पुस्तक प्रथम पुढे करावयाचे ते ठरवितो. शोधयंत्राचेही तसेच आहे. त्याचा यांत्रिक दूत पानापानांवर फिरतो, मजकूर टिपतो, सूची करतो आणि मग क्रम लावतो. यात चार ठिकाणी घात होऊ शकतो. दूताला दार बंद मिळणे, मजकूर वाचता न येणे, पत्ताच हातून जाणे आणि विश्वास उडणे. जपान हा अत्यंत शिस्तप्रिय देश. पण त्याच देशातील काही उदाहरणे या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारी आहेत.

प्रथम बंद दार. संकेतस्थळाच्या मुळाशी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची एक लहानशी धारिका असते. कोठे यावे व कोठे येऊ नये, हे ती दूताला सांगते. पानाच्या आत 'नोइंडेक्स' अशी दुसरीही सूचना लिहिता येते. तिचा अर्थ, या पानाची सूचीत नोंद करू नये. नवे स्थळ बांधताना कारागीर या सूचना मुद्दाम घालून ठेवतो आणि उद्घाटनाच्या घाईत त्या काढावयास विसरतो. मग पेढे वाटले जातात, पण शोधात संस्थेचे नाव येत नाही. आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा : दाराशीच अडविलेला दूत आतील 'नोइंडेक्स' वाचूच शकत नाही. म्हणून एखादे पान सूचीतून काढावयाचे असेल, तर त्याला आधी आत येऊ द्यावे लागते.

दुसरा घात अक्षरांचा. जपानी भाषेत 'मोजिबाके' असा एक शब्द आहे. मोजी म्हणजे अक्षर आणि बाके म्हणजे रूप पालटणे. जपानी लिपी संगणकात साठविण्याच्या जिस, शिफ्ट-जिस व ईयूसी अशा निरनिराळ्या पद्धती होत्या. एका पद्धतीने लिहिलेले पान दुसरीने उघडले की पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा पडे. त्यांना हसण्याचे आपणांस कारण नाही. आपलीही अनेक जुनी मराठी पाने खाजगी फाँटात टंकलिखित झालेली आहेत. तो फाँट असेल तरच ती मराठी दिसतात. यंत्राच्या लेखी ती केवळ रोमन अक्षरांची खिचडी असते. अशा पानावर 'नवगाव' हा शब्द शंभर वेळा असला, तरी शोधणाऱ्यास तो एकदाही सापडावयाचा नाही. त्यावर उपाय एकच, सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणणे.

तिसरा घात पत्त्याचा. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, हे विकत मिळत नसते. ते मुदतीवर मिळते आणि मुदत संपण्याआधी त्याचे नूतनीकरण करावे लागते. एनटीटी डोकोमो ही जपानची मोठी दूरध्वनी कंपनी. तिने 'डोकोमो कोझा' ही पैसे पाठविण्याची सेवा २०२१ साली बंद केली. पुढे त्या सेवेचे डोमेन सुटले व सप्टेंबर २०२३ मध्ये ते चक्क लिलावात दिसले. बोली ४० लाख २० हजार येनांपर्यंत चढली. शेवटी ते नाव आपल्याच ताब्यात असल्याचे कंपनीने जाहीर केले. पण दरम्यान चर्चा व्हावयाची ती झालीच. जुन्या नावास एवढी किंमत का? कारण अनेक स्थळांनी त्या पत्त्याचे दुवे दिलेले असतात आणि त्या जुन्या ओळखीचा लाभ नव्या मालकास मिळू शकतो. एवढ्या मोठ्या कंपनीचे नाव जर असे सुटते, तर ज्या संस्थेचे डोमेन परदेशी गेलेल्या एखाद्या तरुणाच्या नावावर व बंद पडलेल्या ई-मेलवर नोंदलेले आहे, तिची काय कथा! पत्ता बदलणे अटळ असेल, तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे '३०१' क्रमांकाचे कायमचे पुनर्निर्देशन करावे. टपाल कचेरीत नवा पत्ता नोंदवून ठेवावा, तसे ते आहे.

चौथा घात विश्वासाचा. फेब्रुवारी २००९ मध्ये असे उघडकीस आले, की गूगलच्याच जपानी शाखेने आपल्या एका सोयीची वाहवा करण्यासाठी लेखकांना पैसे देवविले होते. विकत घेतलेले असे दुवे गूगलच्या स्वतःच्या नियमांत बसत नाहीत. शाखेने क्षमा मागितली आणि गूगलने आपल्याच जपानी स्थळाचा 'पेजरँक' ९ वरून ५ वर उतरविला. शिक्षकाने स्वतःच्या मुलाला वर्गाबाहेर उभे करावे, तशी ही गोष्ट आहे. पैसे घेऊन 'पहिला क्रमांक मिळवून देतो' म्हणणारे आपल्याकडेही फिरत असतात; त्यांना हे उदाहरण आवर्जून सांगावे.

आता भाचीच्या तक्रारीकडे येऊ. तिने जे पाहिले, त्याला गूगलनेच 'जपानी कीवर्ड हॅक' असे नाव दिलेले आहे. चोर जुनाट, दुरुस्ती न केलेल्या संकेतस्थळात शिरतो व त्याच्या पोटात जपानी मजकुराची असंख्य पाने आपोआप निर्माण करतो. त्या पानांवर नामांकित मालाच्या बनावट दुकानांचे दुवे असतात. जपानी गिऱ्हाईक आपल्या भाषेत वस्तू शोधते, जुन्या प्रामाणिक स्थळाच्या पुण्याईवर हे पान वर येते आणि ते बिचारे फसते. त्यातील कावा असा, की ही पाने पुष्कळदा केवळ शोधयंत्रालाच दाखविली जातात. मालकाने स्वतः उघडून पाहिले, तर पान अस्तित्वातच नाही असा संदेश येतो. म्हणून मालक निर्धास्त असतो आणि दारावरची पाटी मात्र बदललेली असते. कित्येकदा चोर सर्च कन्सोलमध्ये स्वतःची मालक म्हणून नोंदही करून ठेवतो.

माझा एक जुना विद्यार्थी या कामात निष्णात आहे. त्याने जे केले, ते क्रमाने देते. प्रथम गूगलमध्ये 'साइट', त्यापुढे विसर्गासारखे चिन्ह आणि लगेच संस्थेचा पत्ता लिहून, सूचीत कोणकोणती पाने आहेत ती पाहिली. दुसरे, सर्च कन्सोलमधील अनोळखी मालकांची नावे काढली व त्यांनी ठेवलेली ओळखीची धारिकाही पुसली. नुसते नाव काढले आणि धारिका राहिली, तर चोर पुन्हा मालक होतो. तिसरे, सर्व्हरवरील 'एचटीॲक्सेस' ही धारिका तपासली आणि मूळ प्रणालीच्या जागी शुद्ध प्रत बसविली. चौथे, सर्व पासवर्ड बदलले व जुनी जोडउपकरणे अद्ययावत केली. शेवटी गूगलकडे फेरतपासणीचा अर्ज केला. जपानी पाने आता एकेक करून सूचीतून गळत आहेत. हे काम एका रात्रीत होत नाही.

आपल्या संस्थांसाठी माझी नम्र सूचना अशी. संकेतस्थळ ही देखील संस्थेची मिळकत आहे, असे समजून तिची नोंद दप्तरात करावी. डोमेन संस्थेच्याच नावावर असावे व त्याची मुदत निदान दोन विश्वस्तांना ठाऊक असावी. स्थळाची एक प्रत दरमहा अन्यत्र काढून ठेवावी. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचीही मुदत पाहावी. ते संपले की वाचकाला भीतिदायक इशारा दिसतो व तो परत फिरतो. महिन्यातून एकदा कोणीतरी परक्या माणसाच्या नजरेने संस्थेचे नाव शोधून पाहावे. या कामास अर्धा तास पुरतो.

भाचीला मी गावातील कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक दिला, तिची सोय झाली. परंतु जिला मावशी नाही, तिने काय करावे? आपण थोडे, आणि तेही दूरदूर विखुरलेले. पूर्वजांच्या कबरीचा शोध घेणाऱ्या पुढच्या पिढीला वाट दाखविणारे माणूस उद्या गावात असेलच असे नाही; तेव्हा बहुधा ही पानेच त्यांना वाट दाखवतील. आणि दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. आपल्या निष्काळजीपणामुळे ओसाका किंवा कोबे येथील एखादी गृहिणी, जिने आपले नावही कधी ऐकलेले नाही, ती आपल्या चांगल्या नावावर भरवसा ठेवून फसली असेल. कुंपण मोडले की गुरे शिरतात ती केवळ आपल्याच शेतात नव्हे. शेजाऱ्याचेही पीक जाते. म्हणून कुंपण वेळीच बांधावे, हे बरे.