टाळूवरचे लोणी

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात एक विलक्षण प्रकार सुरू झाला. बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांतील माणसांच्या डोक्यावरील केस मुठीमुठीने हातात येऊ लागले. प्रथम खाज, मग गळती आणि तीन-चार दिवसांत टक्कल! त्यात म्हातारे होते तशी शाळकरी मुले आणि लग्नाच्या वयाच्या मुलीही होत्या. पुढे नांदुरा तालुक्यापर्यंत हे लोण गेले. १८ गावांत मिळून २७९ बाधित नोंदले गेले. कोणी शाम्पूवर ठपका ठेवला, कोणी बुरशीवर, कोणी विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर. शहरांतून थट्टेला ऊत आला. मुलींची स्थळे मोडली, मुलांनी शाळा-कॉलेजात जाणे सोडले, अशी वृत्ते वर्तमानपत्रांतून येत राहिली.

केस गळणे हा सुखवस्तूंचा प्रश्न आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीने त्यात वेळ दवडू नये, असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी या प्रकरणाचा पुढचा भाग नीट वाचावा.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरील संशोधनामुळे महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांनी या गावांतील रुग्णांचे व धान्याचे नमुने तपासून घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळले. गावकरी खात होते तो गहू स्वस्त धान्य दुकानातला, पंजाब-हरियाणातून आलेला होता, आणि त्यातील सेलेनियम स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट होते. सेलेनियम अत्यल्प मात्रेत शरीराला आवश्यक असते. मात्रा वाढली की ते विष होते, आणि त्याचा पहिला घाव केसांवर व नखांवर पडतो. एप्रिल २०२५ मध्ये याच गावांतून नखे गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी, नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातील काही जमिनींत सेलेनियम फार आहे, हे तिथल्या मृदाशास्त्रज्ञांना कित्येक दशकांपासून ज्ञात आहे. शास्त्रज्ञांना जे ठाऊक होते ते धान्य उचलणाऱ्या, साठवणाऱ्या आणि वाटणाऱ्या यंत्रणेला विचारावेसेही वाटले नाही. गरिबाच्या पोत्यातील दाण्याची तपासणी ओलावा, किडके दाणे आणि खडे यांच्यापलीकडे सहसा जात नाही.

यावर एक वर्ग तत्काळ म्हणेल, 'मग रेशनच बंद करा आणि रोख पैसे द्या.' हा सल्ला नवा नाही. बुलढाणा आणि वर्धा हे दोन्ही जिल्हे शासनाच्या चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत आहेत. या चौदा जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांचे धान्य थांबवून २०२३ मध्ये माणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरले. दीडशे रुपयांत महिन्याचे धान्य बाजारात कोणत्या दुकानी मिळते, हे त्या निर्णयाच्या समर्थकांनी कधी सांगितले नाही. विषारी धान्याला उत्तर निर्विष धान्य हे आहे. धान्यच काढून घेणे हे नव्हे. वऱ्हाडाने पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेली ज्वारी स्थानिक खरेदीने रेशनवर आणता येते. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगांचे जे अर्थशास्त्र मांडले, त्याचा गाभा अन्न आणि ते पिकवणारी माती यांत फार अंतर पडू देऊ नये हाच होता.

आता नाण्याची दुसरी बाजू. गरिबाचे केस ज्या व्यवस्थेच्या बेपर्वाईने गळतात, तीच व्यवस्था केसांच्या चिंतेचा बाजार मांडते. नोकरी नाही, लग्न जुळत नाही. आणि भिंतीवरची, बसवरची, हातातल्या फोनमधली जाहिरात तरुणाला सांगते की दोष बेकारीचा नसून त्याच्या टाळूचा आहे. सामाजिक दुःखाचे असे वैयक्तिक न्यूनात रूपांतर करणे ही भांडवलशाहीची जुनी हातोटी आहे. ज्या सेवाग्रामात एका केशहीन म्हाताऱ्याच्या झोपडीकडे देशोदेशीचे लोक वाकून येत, त्याच सेवाग्रामच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पोराला टकलापायी आपण जगण्यास अपात्र ठरलो असे वाटावे, यात त्या पोराचा अपराध नाही.

म्हणून औषधांविषयीचे सत्य कार्यकर्त्यांना ठाऊक हवे. पुरुषांतील नेहमीचे टक्कल बव्हंशी आनुवंशिक असते; एका संप्रेरकाच्या परिणामाने केशमुळे हळूहळू आकसत जातात. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टाळूला लावण्यासाठी मान्य झाले. ते काहींना गुण देते. परंतु वापर थांबताच काही महिन्यांत मिळवलेले केस जातात. सुरुवातीला गळती वाढू शकते, टाळू चुरचुरते, क्वचित छातीत धडधडते. फिनास्टराइड हे प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारावरचे औषध १९९७ मध्ये टकलासाठी अमेरिकेत मान्य झाले. कामेच्छा मंदावणे आणि खिन्नता हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम. आत्महत्येचे विचार हाही दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध नियामकाने २०२५ मध्ये मान्य केले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यात हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून हाती पडावे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

केशरोपणाने नवा केस निर्माण होत नाही; मागच्या बाजूचा केस पुढे लावला जातो. कातडीची पट्टी काढून वा एकेक मूळ उपटून, पद्धत कोणतीही असो, मागचा साठा मर्यादितच असतो. ताप, बाळंतपण, रक्तक्षय किंवा विषबाधेने गळणाऱ्या केसांवर हा उपाय नव्हेच; ते केस कारण दूर होताच बहुधा परत येतात. बुलढाण्यातही अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले. रोपण ही शस्त्रक्रिया आहे, आणि ती जीवही घेऊ शकते. २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत सुमारे साडेनऊ हजार केशमुळे रोवून घेतली आणि त्यानंतर तो दगावला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला स्पष्ट लिहावे लागले की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहिल्याने कोणी रोपण शिकत नाही. असे लिहावे लागते, यातच बाजाराची अवस्था कळते. आणि हा बाजार मासिक हप्त्यांवर चालतो. म्हणजे टक्कल जाईल न जाईल, कर्ज मात्र निश्चित राहील.

कायदा नाही असे नाही. टक्कल बरे करण्याचा वा नवे केस उगवण्याचा दावा कोणत्या औषधाने करू नये, हे १९४५ च्या औषध नियमावलीच्या 'जे' अनुसूचीत नमूद आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा नियम १७० हा २०१८ मध्ये आला. केंद्राने जुलै २०२४ मध्ये तो वगळला. सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांच्या आत दिलेली स्थगिती ऑगस्ट २०२५ मध्ये उठली. बुलढाण्यात केस गळत होते तेव्हा आयुष खाते स्वतंत्रपणे सांभाळणारे आणि आरोग्य खात्याचेही राज्यमंत्री असलेले गृहस्थ त्याच बुलढाण्याचे खासदार होते. नियम वगळण्यास सरकारला वेळ मिळतो. गहू तपासण्यास मात्र मिळत नाही!

'ज्याला केस हवेत त्याने पैसे मोजावेत, हा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे', असा युक्तिवाद उदारमतवादी करतात. स्वातंत्र्य माहितीवर उभे असते. दुष्परिणाम दडवून, भयगंड पेरून आणि हप्ता बांधून घेतलेली संमती ही संमती नसते.

वर्ध्यातील कार्यकर्त्यांपुढील काम यावरून स्पष्ट होते. अन्न महामंडळाच्या गोदामातून येणाऱ्या धान्याची सेलेनियम व जड धातूंसाठी तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल प्रत्येक रेशन दुकानाच्या फलकावर मराठीत लागावा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून तहसीलदारापर्यंत नेली पाहिजे. केशरोपणाचे दुकान कोण चालवतो आणि सुई कोण धरतो, हे जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारले पाहिजे. देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये सेवाग्रामला उभे राहिले. अशा संस्थांतील डॉक्टरांना सोबत घेऊन गावोगावी रक्तक्षयाची तपासणी आणि औषधांविषयीचे खरे ज्ञान पोहोचवता येईल.

मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे लोक मराठी म्हणीत पूर्वीपासून आहेत. आता जिवंताच्या टाळूवरही ताट मांडले गेले आहे. ते उचलण्याचे काम टिंगल करून होणार नाही. त्यासाठी गव्हाच्या पोत्यापासून सुरुवात करावी लागेल.